एम.एस्सी. मॅथ्स करू की एआयचा कोर्स?

पत्र: मॅडम, मी विट्याजवळच्या एका कॉलेजात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. मला अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये एम.एस्सी. करायचंय. पप्पांचे यंत्रमाग आहेत, सध्या धंदा बेताचाच आहे. ते म्हणतात, ‘गणितात एम.एस्सी. करून शेवटी मास्तरीणच होणार ना? त्यापेक्षा पुण्याला एआयचा कोर्स कर.’ तो कोर्स एक वर्षाचा आहे, फी तीन लाख, शंभर टक्के प्लेसमेंट असं लिहिलंय. पत्रक सोबत पाठवते आहे. पुण्यात आयटीत असलेला माझा आतेभाऊ म्हणतो, आता गणित यायची गरजच उरली नाही, एआयच गणितं सोडवतं. मला कोडिंग फारसं येत नाही, थोडं पायथॉन केलंय. न्यूमेरिकल ॲनालिसिस मात्र मनापासून आवडतं. गणितात एम.एस्सी. करून एआयमध्ये जाता येतं का? कुठे करावं? परदेशाचा विचार करावा का?
— टी.वाय.ची एक विद्यार्थिनी, जि. सांगली

उत्तर:

तीन लाखांच्या कोर्सचं आधी निकालात काढू. नको. पुढचं सगळं वाचून तुझं मत काहीही झालं, तरी हे पैसे तिथे भरू नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ छापणाऱ्यांना पप्पांनी फोन करून एवढंच विचारावं: मागच्या बॅचला मुलं किती होती, त्यातली किती जणं कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, किती पगारावर लागली, आणि हे सगळं लेटरहेडवर लिहून द्याल का? एवढं विचारलं की समोरून बहुतेक वेळा ‘असिस्टन्स’ हा शब्द बाहेर येतो. म्हणजे ते तुझा बायोडेटा चार कंपन्यांना मेल करणार, पुढचं तुझं तू बघायचं.

पत्रक मी नीट वाचलं. पहिले दोन महिने पायथॉन, मग तीन-चार लायब्रऱ्या (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडचे तयार संच), मग ‘जनरेटिव्ह एआय’, मग ‘प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग’. मध्येच एका ओळीत ‘मॅथ्स फॉर एआय: १ आठवडा’. लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि ऑप्टिमायझेशन एका आठवड्यात! बाकीचं जवळपास सगळं एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट शिकता येतं. परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर एका कोर्सला हजार-एक रुपये पडतात.

पप्पांना हे त्यांच्या भाषेत सांगायचं तर, साधे माग गेले, ऑटोलूम आले, उद्या आणखी काही येईल, पण ताणा-बाणा समजणाऱ्या माणसाला नव्या मागावर उभं राहायला चार दिवस पुरतात. ज्याला फक्त जुन्या मागाची बटणं पाठ आहेत, त्याची पंचाईत होते. त्या पत्रकातल्या लायब्रऱ्या म्हणजे बटणं आहेत.

आता पप्पांची बाजू. त्यांची काळजी खोटी नाही आणि ती उडवून लावू नकोस. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत एम.एस्सी. गणिताला कॅम्पस प्लेसमेंट नावापुरतंच असतं. वर्गातली निम्मी मुलं नेट-सेटच्या मागे लागतात, काही बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देतात, काही जण ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर लागतात. त्यांच्यात हुशारी कमी नसते. दोन वर्षं फळ्यावरचे प्रूफ वहीत उतरवले, परीक्षेत वहीतून पेपरात उतरवले, आणि एकही प्रोग्राम स्वतः लिहिला नाही, असं त्यांचं झालेलं असतं. म्हणून ‘एम.एस्सी. करून एआयमध्ये जाता येतं का’ याचं माझं उत्तर असं: जाता येतं, पण नुसत्या डिग्रीने नाही. कुठली एम.एस्सी. आणि ती कशी केली यावर सगळं आहे.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे न्यूमेरिकल ॲनालिसिस, म्हणजे समीकरणाचं उत्तर पावलापावलाने आकड्यांत काढणं, आवडतं हे. त्याचा एआयशी संबंध काय ते दाखवते. वही-पेन घे, दहा मिनिटांचं काम आहे.

एक्सचा वर्ग हे फंक्शन घे. ते सगळ्यात लहान कुठे होतं हे तुला माहीत आहे, शून्यावर. पण समज माहीत नाही, फक्त उभ्या जागेवरचा उतार कळतो. उतार म्हणजे दोन एक्स. नियम असा: उताराच्या उलट दिशेला थोडं सरकायचं. पावलाचा आकडा ०.१ धरला, तर नवा एक्स म्हणजे जुना एक्स वजा ०.१ गुणिले दोन एक्स, म्हणजेच ०.८ एक्स. दर पावलाला किंमत आठ दशांश होत जाते आणि हळूहळू शून्याकडे पोचते. एआयवाले याला ग्रेडियंट डिसेंट म्हणतात आणि त्या ०.१ला लर्निंग रेट.

आता तुझ्या न्यूमेरिकलच्या वहीतली ऑयलरची पद्धत काढ. डीएक्स बाय डीटी बरोबर वजा दोन एक्स, हे डिफरन्शियल इक्वेशन ०.१च्या स्टेपने सोडव. पहिली ओळ काय आली? नवा एक्स बरोबर ०.८ एक्स. तीच ओळ, अक्षरही वेगळं नाही. लर्निंग रेट म्हणजे ऑयलरचा स्टेप साइझ.

पुढे जा. पाऊल १ घे: नवा एक्स वजा एक्स होतो, म्हणजे तू शून्याच्या अल्याड-पल्याड कायमची उड्या मारत राहतेस. पाऊल १.१ घे: दर वेळी वजा १.२ने गुणाकार होतो आणि आकडे फुगत जातात. तुझ्या पुस्तकात ‘स्टॅबिलिटी’ नावाचं जे प्रकरण असतं आणि परीक्षेला पाच मार्कांना येतं, ते हे.

आता खरी गंमत. फंक्शन दोन चलांचं कर: एक्सचा वर्ग अधिक शंभर वायचा वर्ग. वायच्या दिशेला दरी अरुंद आणि उभी, एक्सच्या दिशेला पसरट. वायच्या दिशेने पाऊल ०.०१च्या खालीच ठेवावं लागतं, नाहीतर आकडे फुगतात. ०.०११ घेऊन बघ, वायला लगेच वजा १.२ येतं. म्हणून तू ०.००९ घेतलंस, तर वाय मुकाट्याने आटोक्यात राहतो, पण एक्स दर पावलाला फक्त ०.९८२ पट होतो. एक्स निम्म्यावर यायला सुमारे ३८ पावलं लागतात. डिफरन्शियल इक्वेशनवाले याला ‘स्टिफ’ म्हणतात, लिनिअर अल्जिब्रावाले मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर वाईट आहे म्हणतात, आणि एआयच्या कंपनीत बसलेला पोरगा म्हणतो, ‘ट्रेनिंग हळू चाललंय, लर्निंग रेट वाढवला की लॉस (म्हणजे मॉडेलची चूक) फुटतोय.’ तिघांची तक्रार एकच आहे. मॉडेलला उतारावरून खाली नेणाऱ्या ज्या पद्धती, म्हणजे ऑप्टिमायझर, आज वापरात आहेत त्यांमध्ये जी कारागिरी आहे, तिचा मोठा भाग या अरुंद दरीतून बाहेर कसं पडायचं याचीच आहे. तुझ्या आतेभावाला विचारून बघ, लर्निंग रेट कमी का करतात. ‘ट्राय करून बघायचं असतं’ असं उत्तर आलं, तर गणिताची गरज उरली आहे की नाही ते तूच ठरव.

उताराच्या उलट सरकायची ही पद्धत १८४७ साली कोशीने मांडली, ग्रहताऱ्यांच्या कक्षांची आकडेमोड हा त्यामागचा हेतू होता. हो, तोच कोशी, ज्याच्या सिक्वेन्सने तुला एस.वाय.ला छळलं. पुढे १९५१ मध्ये रॉबिन्स आणि मनरो यांनी दाखवलं की उतार अचूक मोजता आला नाही, त्यात गोंधळ मिसळलेला असला, तरी पावलं ठरावीक पद्धतीने लहान करत नेली तर पोचायच्या जागी पोचता येतं. पावलांची बेरीज अनंत हवी, वर्गांची बेरीज मर्यादित हवी. ही अट बघून तुला सीरिजचं प्रकरण आठवेल. आज लाखो फोटोंमधले मूठभर निवडून उतार काढतात आणि मॉडेल शिकवतात, त्याच्या मुळाशी हा विचार आहे. आणि अशा गोंधळलेल्या पावलांचा माग डिफरन्शियल इक्वेशनच्या नजरेने कसा घ्यायचा, या विषयात जगात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते विवेक बोरकर आयआयटी मुंबईचे. पवईला. हे पप्पांना मुद्दाम सांग, कारण ‘गणितवाला म्हणजे मास्तर’ हा समज मोडायला पवईपर्यंतच जावं लागतं, अमेरिकेला नाही.

दुसरं उदाहरण थोडक्यात, कारण त्याचं गणित तुला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळेल. शब्द लिहिले की चित्र काढून देणारी जी मॉडेल्स आहेत, त्यातली बरीचशी ‘डिफ्युजन’ प्रकारची. चित्रावर थोडा थोडा गोंगाट टाकत जायचं, इतका की शेवटी नुसते ठिपके उरतात, आणि मग हा प्रवास उलटा करायचा. पीडीई, म्हणजे पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सच्या वर्गात शिकवतात की उष्णतेचं समीकरण उलट्या काळात चालवता येत नाही, बारीकशी चूकही प्रचंड वाढते. मग हे कसं जमतं? १९८२ मध्ये अँडरसनने दाखवलेलं होतं की प्रत्येक क्षणी संभाव्यतेच्या घनतेच्या लॉगचा उतार माहीत असेल, तर उलटा प्रवासही एक साधं स्टोकॅस्टिक, म्हणजे योगायोगाचा भाग असलेलं, डिफरन्शियल इक्वेशनच असतो. न्यूरल नेटवर्क, म्हणजे डेटा बघून स्वतःचे आकडे जुळवत जाणारं मॉडेल, तो उतारच शिकतं. हे सूत्र कित्येक वर्षं कंट्रोल थिअरीतल्या लोकांपुरतं पडून होतं.

तिसरं उदाहरण आपल्या पावसाचं आहे आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. हवामानाचा अंदाज म्हणजे हवेच्या प्रवाहाची समीकरणं सुपरकॉम्प्युटरवर सोडवणं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चालतं. २०२३ मध्ये ग्राफकास्ट नावाचं एआय मॉडेल आलं. त्याने जवळपास चार दशकांचा जुना हवामानाचा डेटा बघून दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत द्यायला सुरुवात केली. समीकरणं न सोडवता. तेव्हा बऱ्याच जणांनी जाहीर केलं की समीकरणांचा जमाना गेला. पुढच्याच वर्षी न्यूरलजीसीएम आलं, आणि त्यात दोन्ही होतं: मोठे प्रवाह समीकरणं सोडवून, आणि ढग-पावसासारखी जी भानगड संगणकाच्या जाळीत मावत नाही ती न्यूरल नेटवर्ककडे. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने मान्सून कधी येणार याचे एआयवर आधारलेले अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवले, त्यात न्यूरलजीसीएमचा वापर होता. असं मॉडेल बनवायला कोण लागतं? ज्याला समीकरण सोडवणाऱ्या कोडच्या आत शिरून त्याचा उतार काढता येतो आणि ज्याला पायथॉनही येतं. नुसता कोडवाला तिथे अडतो, नुसता प्रूफवालाही अडतो. अप्लाइड मॅथ्सच्या माणसासाठी नेमकी ही जागा आहे, आणि अशी माणसं आपल्याकडे फार कमी तयार होतात.

आतेभावाचा मुद्दा राहिला. एआय गणितं सोडवतं हे खरं आहे, त्याला खोटं पाडायला जाऊ नकोस. २०२४ मध्ये गुगल डीपमाइंडच्या प्रणालीने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांत ४२ पैकी २८ गुण मिळवले, म्हणजे रौप्यपदकाची पातळी. २०२५ मध्ये डीपमाइंड आणि ओपनएआय दोघांनी ३५ गुणांची, सुवर्णपदकाची पातळी जाहीर केली. तेव्हा ‘टेक्स्टबुकातली गणितं येतात’ एवढ्या भांडवलावर पुढे कोणी पगार देणार नाही. पण आयआयटीएमच्या पोर्चमध्ये कोणी व्यवस्थित छापलेला प्रश्न घेऊन उभं नसतं. डेटात भोकं असतात, मोजमापं चुकलेली असतात, आणि मॉडेलचं उत्तर दिसायला छान पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अशक्य असतं. कुठलं समीकरण धरायचं, काय सोडायचं, उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे काम करायला गणित जास्तच यावं लागतं. एक मात्र पाळ: असाइनमेंट चॅटजीपीटीकडून करून घेऊ नकोस. स्वतः सोडव, मग त्याला तुझं प्रूफ दाखव आणि चूक शोधायला सांग. आणि त्याने दाखवलेली चूक खरंच चूक आहे का हे तू तपास. एम.एस्सी.च्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत कळतं कोणी काय केलंय.

आता एक कडू प्रश्न, स्वतःलाच विचार. तुला गणित हवंय की एआयची नोकरी हवी आहे? नोकरीच हवी असेल तर त्यात वावगं काही नाही, घरची परिस्थिती बघता ते शहाणपणाचंही आहे. पण मग एम.एस्सी. गणित हा लांबचा रस्ता आहे. चांगल्या सरकारी कॉलेजातून एमसीए कर, किंवा संख्याशास्त्राकडे वळ. रिअल ॲनालिसिस, फंक्शनल ॲनालिसिस, मेजर थिअरी (मेजर म्हणजे मोजमाप) यांत दोन वर्षं घालवायची तर ते करताना मजा आली पाहिजे. ‘एआयसाठी सहन करते’ असं म्हणून ती वर्षं निघत नाहीत. मेजर थिअरी आली की मागच्या दाराने आत आलेली मुलं ओळखू येतात. तुझ्या पत्रावरून तू पुढच्या दाराने येणारी वाटतेस, पण ते ठरवायचं तुलाच.

कुठे करावं? कॉलेजचं नाव आणि कोर्सचं नाव दोन्ही नंतर बघ. आधी संकेतस्थळावरून पेपरांची यादी उतरवून घे आणि तीत हे शोध: न्यूमेरिकल लिनिअर अल्जिब्रा, ऑप्टिमायझेशन, मेजरवर आधारलेली प्रोबॅबिलिटी, पीडीई, आणि शेवटच्या वर्षी एक पूर्ण सेमिस्टरचा प्रोजेक्ट. पाचपैकी तीन असतील तर पुढची चौकशी कर. ‘एआय’ नाव लावलेल्या पण यातलं एकही नसलेल्या नव्या कोर्सेसचं पीक सध्या जोरात आहे.

मोठा दरवाजा म्हणजे जॅम, आयआयटींची एम.एस्सी.साठीची प्रवेश परीक्षा. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. तीत गणिताचा पेपर आहे आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचाही. दोन्ही देता येतील का हे वेळापत्रक बघून ठरव. त्यातून आयआयटी, बंगळुरूच्या आयआयएस्सीचा इंटिग्रेटेड पीएच.डी., आणि सीसीएमएन या केंद्रीय प्रवेशाच्या फेरीतून एनआयटी, म्हणजे आपल्याकडे नागपूरचं व्हीएनआयटी. आयआयटी मुंबईत गणित आणि संख्याशास्त्र दोन्हीला प्रवेश असतो. कोलकात्याचं आयएसआय, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, जे महालनोबिसांनी १९३१ मध्ये सुरू केलं, आणि चेन्नईचं सीएमआय, म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, या दोघांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. त्यांचे प्रश्न कमी असतात, पण एकेका प्रश्नाला अर्धा तास डोकं खाजवायला लागतं. आयएसआयच्या एम.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या मास्टर्सला, विद्यावेतनही मिळतं, हे घरी ठळकपणे सांग. सीएमआयमध्ये डेटा सायन्सची एम.एस्सी. आहे आणि तिथे गणिताची हयगय करत नाहीत. पीडीईचं वेडच लागलं तर बंगळुरूला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) सेंटर फॉर ॲप्लिकेबल मॅथेमॅटिक्स आहे.

घरापासून फार लांब नको असेल तर पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स विथ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हा कोर्स बघ, मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत) इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स बघ. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तर तुमच्या दारातलंच. तिथे प्रवेश मिळाला आणि बाकी कुठे नाही, तरी रडत बसायचं कारण नाही. फक्त प्रोग्रामिंग आणि प्रोजेक्ट मग स्वतःच्या जिवावर करावा लागेल, तिथे कोणी बोट धरून करून घेणार नाही. जाता जाता, एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिरासाठी अर्ज कर. १९९३ पासून ही शिबिरं चालू आहेत. चार आठवडे फळ्यासमोर उभं करून ‘हे का?’ असं विचारत राहतात. तिथून आलेली मुलं गणित वाचायला शिकून येतात.

कोडिंगचं घाबरू नकोस. थोडं पायथॉन येतंय ते पुरे आहे, क्लास लावू नकोस. वर जी ऑयलर आणि ग्रेडियंट डिसेंटची आकडेमोड केलीस ती पंधरा ओळींत लिही, आलेख काढ. मग गाऊसचं एलिमिनेशन लायब्ररीशिवाय लिही आणि हिल्बर्ट मॅट्रिक्सवर चालव. दहा बाय दहाला पोचेपर्यंत उत्तर कसं बिघडत जातं ते बघ. मग एखादा फोटो घेऊन त्याचं एसव्हीडी, म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू डीकम्पोझिशन, कर आणि पहिल्या वीस सिंग्युलर व्हॅल्यूंवरून तो परत उभा कर. शेवटी, तयार लायब्ररी न वापरता, दोन थरांचं न्यूरल नेटवर्क लिही, चेन रूल हाताने लावून. लॅपटॉप जुना असला तरी चालेल, ब्राउझरमध्येच कोड चालवता येणारं गुगल कोलॅब फुकट आहे. हे चार प्रोग्राम आणि प्रत्येकाखाली एक पान ‘काय दिसलं आणि का’ एवढं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकलंस, तर त्या तीन लाखांच्या सर्टिफिकेटपेक्षा मुलाखतीत जास्त उपयोग होईल.

परदेशाचा विचार आत्ता बाजूला ठेव. अमेरिकेत मास्टर्स बहुतेक स्वखर्चाने, आणि तो खर्च तुमच्या घराला झेपणारा नाही, पीएच.डी.ला मात्र फी माफ होऊन शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन मिळतं, म्हणून इथून एम.एस्सी. करून तिकडे पीएच.डी.ला जाणं हा शहाण्यांचा रस्ता. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावली. शिवाय राहण्याखाण्याचे वर्षाचे सुमारे बारा हजार युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर तिथे कुठे प्रवेश मिळतो, कुठे नाही. एजंटकडे जाऊ नकोस, विद्यापीठाला थेट मेल कर, उत्तर देतात.

गेटचं, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचं, थोडं. २०२४ पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम पप्पांसमोर ठेव: प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन, मग प्रोग्रामिंग, डेटाबेस, मशीन लर्निंग. पहिले तीन विषय तुझ्या घरचे आहेत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हा पेपर दिलास तर एआयच्या एम.टेक.चा रस्ता उघडतो, म्हणजे आज गणित निवडल्याने उद्याचं एआयचं दार बंद होत नाही. उलट बाजूने मात्र येता येत नाही. लायब्रऱ्या शिकून नंतर फंक्शनल ॲनालिसिसकडे वळलेला मी तरी अजून पाहिला नाही.

पप्पांशी बोलताना भविष्यातल्या मोठ्या पगाराच्या गप्पा मारू नकोस, ते धंदा करणारे आहेत, खर्चाचा हिशोब मांड. एका बाजूला एका वर्षाचे तीन लाख आणि वर पुण्यातला खोलीभाडं-मेसचा खर्च. दुसऱ्या बाजूला सरकारी विद्यापीठातली दोन वर्षांची एम.एस्सी., तिथली फी, हॉस्टेल, आणि एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) शिष्यवृत्ती मिळाली तर ती वजा. त्यापुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आणि पीएच.डी.ला गेलीस, तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. दोन आकडे शेजारी शेजारी लिहून कागद त्यांच्या पुढ्यात ठेव आणि त्यांना प्रश्न विचारू दे. आणि नसेलच पटत, तर तडजोड सुचव: जॅम आणि विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षा दोन्ही देते, चांगल्या ठिकाणी नाव लागलं नाही तर एमसीएची सीईटी. तिचेही अर्ज भरून ठेव.

कागदपत्रांचं आत्ताच बघ, दर वर्षी मुलं इथेच अडकतात. आरक्षणातून अर्ज करणार असशील, तर जॅमला राज्याचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा असेल तर तो त्याच आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला मागतात. विट्याच्या तहसील कार्यालयात जाताना माहितीपुस्तिकेतल्या नमुन्याची छापील प्रत सोबत ने, सेतूतल्या माणसाच्या समोर ठेव, आणि दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून नाव मार्कशीटप्रमाणे आहे का ते तपासून घे.